दारामागचं चित्र

बाईंचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. दूधवाल्यासमोर त्या दूध मापून घ्यायच्या आणि त्याची पाठ वळली की पुन्हा मापायच्या. दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघायच्या, जिना उतरायच्या, परत चढून चौथ्यांदा ओढायच्या. बसमध्ये शेजारच्यानं किती वाजले विचारलं, तर हा माणूस वेळ विचारून नक्की काय साधतोय, हा प्रश्न त्यांना उतरेपर्यंत पुरायचा. त्यांची धाकटी बहीण त्यांच्याबरोबरच राहायची. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका शोधण्याची घरात टंचाई नव्हती.

"ताई, अगं, ते कुलूप तूच पारखून आणलंयस. तेही तुला दगा देणार का?" ती विचारायची.

"कुलूप नाही देणार. बनवणारा देईल," बाई म्हणायच्या.

वय चोपन्न. त्यातली सव्वीस वर्षं एका शाळेच्या मागच्या अंगाला असलेल्या दोन खोल्यांच्या बालवर्गात गेलेली. तेवीस मुलं, एक बाई, एक मावशी. घरी जाताना प्रत्येक मुलानं दोन्ही मुठी उघडून दाखवायच्या आणि मगच चपला घालायच्या, असा नियम. खडूच्या तुकड्यासाठी चार वर्षांच्या पोरांची झडती घेते म्हणून पालक त्यांना पाठीमागे 'फौजदार' म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं, तेही ठाऊक होतं.

आणि तरी मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. त्याचं कारण ते पुस्तक.

पुस्तक बाईंनी स्वतःच्या हातानं केलेलं. दुकानात मिळणारी चित्रपुस्तकं त्यांना पटली नव्हती. पहिल्या चित्रात मुलगा फुगा फुगवतोय, दुसऱ्यात फुगा फुटला, तिसऱ्यात मुलगा रडतोय. यात मुलांनी करायचं काय, माना डोलवायच्या? कारण असं आधी येऊन आपली ओळख करून देतं का कधी? आपल्या नशिबी येतो तो फुटलेला फुगा. फोडणारा केव्हाच पसार झालेला असतो. म्हणून बाईंच्या पुस्तकात आधी फक्त परिणाम होता. जाड पुठ्ठ्याची बारा पानं, दोऱ्यानं शिवलेली, आणि प्रत्येक पानावर घडून गेलेली एक गोष्ट. ओले बूट. फुटलेला कप. रिकामी ताटली आणि शेजारी झोपलेलं मांजर. चित्राखाली कागदाचं एक छोटं दार, आणि कारण त्या दारामागे.

खरी गंमत पुढेच होती. दारामागचं चित्र सुटं असायचं, खाचेत अडकवलेलं. एकेका पानासाठी बाईंनी आठ-आठ, नऊ-नऊ कारणं रंगवून पाकिटात ठेवली होती आणि दर शनिवारी, मुलं गेल्यावर, त्या ती बदलायच्या. या आठवड्यात बूट डबक्यामुळे ओले, पुढच्या आठवड्यात बादली कलंडल्यामुळे, त्याच्या पुढच्या आठवड्यात अंघोळ घातलेल्या पिल्लानं अंग झाडल्यामुळे. पाठ करून कुणाची डाळ शिजायची नाही. बाई खुर्चीवर बसायच्या, पुस्तक मांडीवर उभं धरायच्या आणि विचारायच्या, "असं का झालं?" तीन वेगवेगळी कारणं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. सोमवारी सकाळी त्या खोलीत जी शांतता व्हायची तशी मोठमोठ्या साहेबांच्या सभेतही होत नसेल.

पुस्तक कपाटात, कपाटाला कुलूप, आणि कुलपाच्या किल्ल्या दोन. एक बाईंच्या पर्समध्ये. दुसरी मावशींकडे.

मावशी म्हणजे या बालवर्गाचा अर्धा जीव. सकाळी सातला येऊन खोल्या झाडायच्या, पाणी भरायचं, दिवसभर नाकं पुसायची, चड्ड्या बदलायच्या, दुपारी ताटल्या घासायच्या. पाच वर्षं पारखून घेतल्यावर बाईंनी त्यांच्या हातात कपाटाची किल्ली दिली होती. त्याला आता सहा वर्षं झाली होती. बाईंनी आयुष्यात दुसऱ्या माणसाला दिलेली ती एकुलती एक किल्ली. सख्ख्या बहिणीकडेही घराची किल्ली नव्हती, तिला बेल वाजवावी लागायची.

वर्षाच्या मध्यावर मावशींनी आपल्या नातीसाठी विचारलं. लेक कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाते, पोरीला ठेवायचं कुठे? बाईंनी हो म्हटलं. पोरीला सगळे बिट्टी म्हणायचे. चार वर्षांची, बारीक, फारसं न बोलणारी. बोलली तरी एखादा शब्द, तोही तोंडातल्या तोंडात. मावशींनी तिला पहिल्या दिवशी अगदी पुढे, बाईंच्या गुडघ्याला लागून बसवलं आणि ती जागा कधी बदलू दिली नाही. पोर बाईंकडे टक लावून बघत बसायची, पापणीही न लववता. पाठीमागून हाक मारली तर मात्र ढिम्म. बाईंच्या मनात नोंद झाली: ऐकून न ऐकल्यासारखं करते, बेरकी आहे. अशा वेळी मावशी कुठूनतरी लगबगीनं येऊन पोरीच्या खांद्याला हात लावायच्या. "लाजते हो," म्हणायच्या.

मग बिट्टीची उत्तरं बरोबर यायला लागली.

एकदा आलं तर बाईंनी शाबासकी दिली. दुसऱ्यांदा आलं तेव्हा भुवई उंचावली. तिसऱ्या सोमवारी बारापैकी दहा पानांना तिनं दारामागचं कारण अचूक सांगितलं, तेव्हा बाईंच्या मनात पाल चुकचुकली. बाकी मुलं आपली उड्या मारून मारून काहीही सांगायची. बूट ओले झाले कारण बूट रडले, असंही एकानं सांगितलं होतं. ही पोर पुटपुटल्यासारखे दोन-तीन शब्द चाचपडायची आणि नेमक्या शब्दावर थांबायची. कप फुटलाय? "ताई... चेंडू... मांजर." दार उघडलं की मांजर!

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते शोधायला बाईंना लांब जावं लागलं नाही. किल्ल्या दोनच होत्या.

दर वर्षअखेरीस पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं, याची यादी बाईच करायच्या. मुख्याध्यापक नुसती सही करायचे. यादीला महिना उरला होता. आजीनं नातीला हुशार दाखवण्यासाठी कपाट उघडून चित्रं दाखवायची, आणि तीही कुणाच्या नाकावर टिच्चून, तर जिनं विश्वासानं किल्ली दिली तिच्या! बाईंना राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. अकरा वर्षांत त्यांनी मावशींच्या मुठी कधी उघडायला लावल्या नव्हत्या.

त्यांनी छडा लावायचं ठरवलं.

पहिला उपाय म्हणून शनिवारी जाताना कपाटाच्या मुठीवर खडूची पूड भुरभुरवून ठेवली. कुणी हात लावला तर ठसे उमटतील. सोमवारी येऊन बघतात तर मूठ लख्ख. मावशी रोज सकाळी ओल्या फडक्यानं सगळं पुसतात, गेली अकरा वर्षं पुसतात, हे बाईंना माहीत होतं. पण त्या दिवशी त्यांच्या मनानं घेतलं की पुरावा पुसला.

दुसरा उपाय त्याहून पक्का होता. पुढच्या सोमवारी मुलं गोळा झाल्यावर, मावशी झाडून-पुसून बाहेर गेल्यावर, बाईंनी टेबलाखाली हात घालून ओल्या बुटांमागचं चित्र बदललं. शनिवारी ठेवलेली बादली काढली आणि पिल्लू अडकवलं. आता मावशींनी सकाळी चोरून बघितलं असलं तरी त्यांना बादलीच दिसली असणार. पोर 'बादली' म्हणाली की रंगेहाथ सापडली.

"असं का झालं?" बाईंनी विचारलं. स्वतःच्या आवाजातला गोडवा त्यांचा त्यांनाच खुपला.

दोन मुलांची दोन कारणं सांगून झाली. मग बिट्टी त्यांच्याकडे बघत पुटपुटली, "पाऊस... बादली..." बाई पुढे झुकल्या. "...भू भू."

दारामागे पिल्लूच होतं.

आता कुणाही शहाण्या माणसानं मनात हात जोडून मावशींची माफी मागितली असती. चित्र बदललं तेव्हा खोलीत मोठं माणूस कुणी नव्हतं, म्हणजे मावशी सुटल्या, हे त्या तेवीस मुलांपैकी निम्म्यांनी सांगितलं असतं. पण बाईंनी मान वळवली आणि त्यांना दिसलं की मावशी बाहेरच्या बाजूनं खिडकीची काच पुसताहेत. झालं! संशयाला एवढी फट पुष्कळ झाली. काचेतून बघितलं आणि पोरीला खूण केली, बाईंनी निकाल देऊन टाकला.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी बहिणीला सगळं सांगितलं. बहिणीनं घास तसाच हातात धरून ऐकलं.

"टेबलाखालचं चित्र खिडकीतून दिसतं?"

"वाकून बघितलं असेल."

"आणि खूण केली कशी? भू भूची खूण? काच पुसता पुसता?"

"तू त्यांची बाजू घेऊ नकोस."

"मी कुणाची घेत नाहीये. पण ताई, पोरांकडून तीन-तीन कारणं मागतेस आणि स्वतःला एकावर भागवतेस, हे काही बरं नाही."

बाईंनी ताटात आणखी भात वाढून घेतला. बहिणीला मावशींचा एवढा पुळका का, हा विचार मात्र त्यांच्या मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं गेली. बिट्टीची आई उशिरा यायची, म्हणून ती एकटी आतल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मणी ओवत बसली होती. मावशी घासलेल्या ताटल्यांची चळत घेऊन फळीकडे निघाल्या होत्या.

"मावशी, कपाटाची किल्ली द्या," बाई म्हणाल्या.

"पर्समधली विसरलात का आज? देते की."

"विसरले नाही. तुमच्याकडची परत द्या."

मावशी थांबल्या. "काही हरवलंय का, बाई?"

"हरवलं नाही. बिट्टीला दर सोमवारी दारामागचं कसं कळतं, ते मला कळलंय. अकरा वर्षं मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. माझ्याच कपाटातून, माझ्याच पुस्तकावर... तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?" आवाज चढत गेला. "यादीत नाव यावं म्हणून हे? अहो, चार वर्षांच्या पोरीला तुम्ही चोरी शिकवताय!"

त्या शब्दासरशी मावशींच्या हातातली चळत सुटली. वीस-पंचवीस स्टीलच्या ताटल्या फरशीवर आदळल्या, घरंगळल्या, एकमेकींवर आपटत राहिल्या. बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. बाहेरच्या रस्त्यावरून जाणारा एक माणूस थबकून खिडकीतून आत डोकावला.

बिट्टीनं लाल मणी ओवला आणि निळा शोधायला लागली.

तेवढं बाईंनी बघितलं. इतका मोठा आवाज झाला, आणि हातभर अंतरावरच्या पोरीच्या पाठीची शीरसुद्धा हलली नाही. सव्वीस वर्षं त्यांनी मुलांना परिणाम दाखवून कारण विचारलं होतं. इथे कारण घडलं होतं आणि परिणाम झालाच नव्हता.

आणखी एक त्यांनी बघितलं. मावशी खाली पडलेल्या ताटल्यांकडे वळल्या नाहीत. त्या आधी धावल्या बिट्टीकडे. खांद्याला हात लावून त्यांनी तिला वळवलं आणि उचलून छातीशी धरत त्या म्हणाल्या, "घाबरली बघा पोर. केवढ्यानं दचकली!"

पोर दचकली नव्हती. ती आजीच्या तोंडाकडे बघून हसत होती.

"मावशी," बाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "तिला ऐकू येत नाही."

"लाजते हो ती."

"मावशी."

मावशींनी मग पोरीला खाली ठेवलं, तिचं तोंड परत मण्यांकडे केलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. "अगदीच येत नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "जवळून, समोर बघून बोललं तर बरंच कळतं. दवाखान्यात दाखवलंय. कानाला यंत्र लावायचं म्हणतात. नंबर लावलाय. अजून चार महिने आहेत. तेवढे निभावले असते, की मग कळलंही नसतं कुणाला."

"मग उत्तरं? पिल्लू तिला कसं कळलं?"

"तुम्ही सांगता की तिला."

"मी?"

"बरोबर शब्द आला की तुमचा अंगठा दाराकडे सरकतो, बाई. चुकला की तुम्ही हनुवटी खाली घेता. अकरा वर्षं बघतेय मी. तुम्हाला नाही ठाऊक?" मावशींनी पदरानं नाक पुसलं. "पुस्तक मी तिला कध्धी दाखवलं नाही, पोरीची शप्पथ. बाईंकडे बघत राहा, एवढंच शिकवलं. हातांकडे बघ, तोंडाकडे बघ. तुमच्या पायाशी बसवलं ते त्यासाठीच."

बाईंनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून त्या बसल्या. मावशी काहीतरी लपवताहेत, हा त्यांचा संशय खरा होता. पण त्याचा आनंद मानावा असं त्यात काही उरलं नव्हतं.

"मला सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं आपण एकत्र... मला का नाही सांगितलंत?"

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही, पण मऊपणानंही नाही. "दोन वर्षांपूर्वी एक आई आली होती. मुलगा बोलत नव्हता तिचा. बिचारीनं सगळे कागद आणले होते, काही म्हणता काही लपवलं नाही. तुम्ही कागद उलटेपालटे करून बघितलेत आणि तिला म्हणालात, 'हे एवढंच आहे की अजून काही आहे?' ती एवढंच आहे म्हणाली. तुम्हाला पटलं नाही. आमच्याकडे जमणार नाही, म्हणालात. दार मीच उघडून दिलं होतं त्यांना, बाई. जाताना तो मुलगा मला टाटा करत होता."

बाईंना ती आई आठवली. तिच्या हातातली निळी फाईल आठवली. ही बाई काहीतरी दडवतेय, नाहीतर इतक्या आपणहून कशाला सांगेल, असं आपल्याला तेव्हा वाटलं होतं, हेही आठवलं. खरं सांगणाऱ्याला आपण दारातून परत पाठवलं. मग दारात उभी असणारी दुसरी बाई खोटं बोलायला शिकली, तर तिचा काय दोष? बाईंना लाज वाटली, इतकी, की मावशींच्या नजरेला नजर देववेना. त्या उठल्या आणि ताटल्या गोळा करायला लागल्या. मावशी मदतीला उठल्या नाहीत.

"बिट्टी राहील," चळत फळीवर ठेवत बाई म्हणाल्या. "यादीत तिचं नाव असेल. यंत्र मिळो, न मिळो."

मावशी मणी निवडणाऱ्या बिट्टीकडे बघत होत्या.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग?"

"लिहून द्या, बाई."

बाई वळल्या. "म्हणजे? माझ्या शब्दावर तुमचा विश्वास नाही?"

मावशी उठल्या आणि नुसत्या वाट बघत उभ्या राहिल्या. ते वाट बघणं बाईंनी ओळखलं. दूधवाल्यासमोर माप हातात घेऊन त्या स्वतः अशाच उभ्या राहायच्या. पलीकडच्या बाजूला उभं राहिल्यावर ते किती झोंबतं, हे त्यांना चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

त्या टेबलाशी बसल्या, बालवर्गाचा छापील कागद काढला, चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला आणि पुढे केला. मावशींचं वाचन सावकाश चालायचं. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि एकेका शब्दाखालून बोट सरकवत वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत बोट थांबलं.

"इथे 'शक्यतो' लिहिलंय."

"ती लिहायची पद्धत असते."

"'पुढील वर्षी शक्यतो प्रवेश देण्यात येईल.' म्हणजे नाहीसुद्धा देण्यात येईल."

तो शब्द बाईंनी ठरवून लिहिला नव्हता. हात आपोआप वळला होता, कुलूप चौथ्यांदा ओढायला वळायचा तसाच. त्यांनी कागद परत घेतला आणि त्या शब्दावर आडवी रेघ मारायला पेन टेकवलं.

"खाडाखोड नको," मावशी म्हणाल्या. "उद्या कुणी म्हणेल मीच खोडला. नवा कागद घ्या."

बाईंनी नवा कागद घेतला. मावशी त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि बाई लिहीत गेल्या तसतशा एकेक शब्द मोठ्यानं वाचत गेल्या.